करकोचीची चोच

एका जंगलात, नदीकाठच्या काळ्या जमिनीवर, एक अस्वल भुईमूग पिकवत असे. काढणीसाठी दर हिवाळ्यात उत्तरेकडून, मोठे डोंगर ओलांडून, करकोच्यांच्या जोड्या येत. करकोचा वेल उपटी आणि करकोची त्याच्या शेंगा तोडी. देखरेखीला कोल्हा मुकादम होता. त्याची रीत अशी, की एका जोडीची एकच चोच धरायची आणि संध्याकाळी चोचीमागे सूपभर शेंगा द्यायच्या. तेवढ्यात दोघांचे भागत नसे. मुलांनो, पोट भरले नाही तर पंखांत बळ कुठून येणार? आणि बळ नसेल तर ते डोंगर ओलांडून घरी कसे जाणार? एका करकोचीला रोज हीच धास्ती वाटे.

एके दिवशी तिचा करकोचा तापाने पडला. ती एकटीच शेतात गेली. वेलही तिनेच उपटले, शेंगाही तिनेच तोडल्या. संध्याकाळी कोल्हा म्हणाला, "वहिनी, सूप कसलं मागता? तुमची चोच तर मुक्कामावर झोपलीय!" दुसऱ्या दिवशी करकोचा कसाबसा कामावर गेला आणि दमलेली करकोची मागे राहिली. तेव्हा कोल्ह्याने त्याला अर्धेच सूप दिले. "आज जोडी अर्धीच आली ना, भाऊ!"

करकोची पार गोंधळली. ती कोल्ह्याकडे गेली. "मुकादम, मी नसले की अर्धी चोच कमी पडते. पण मी एकटी आले, तर चोचच नसते. मग मी आहे का नाही?"

"वहिनी, उगाच डोकं शिणवू नका. पहिल्यापासून असंच चालत आलंय."

तिने इतर करकोच्यांच्या जोडीदारणींना विचारले. एक हळूच म्हणाली, "अगं, मला वाटायचं, मलाच हिशेब कळत नाही!" मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्या काठावरच्या झाडावर जाऊन बसल्या. आपल्याला मोजतच नाहीत, तर खाली जायचे तरी कशाला?

दुपारपर्यंत शेतात शेंगांसकट वेलांचे ढीग साचले. रानडुकरांना वास लागला, बांधापलीकडे त्यांची गुरगुर ऐकू येऊ लागली. अस्वल धावत आले. "मुकादम, निम्मे मजूर गेले कुठे?"

"नाही मालक, सगळ्या चोची हजर आहेत," कोल्हा चाचरत म्हणाला.

"हजर आहेत? मग शेंगा का नाही तोडल्या?" अस्वल डोके खाजवू लागले. त्याला काही म्हणजे काहीच कळेना.

झाडावरून करकोची म्हणाली, "मालक, आम्हाला कधी मोजलंच नाही. मग आज आम्ही कमी कशा पडलो?"

अस्वलाने कोल्ह्याकडे पाहिले. कोल्ह्याने जमिनीकडे पाहिले. "बरं बाई, उतरा खाली," अस्वल म्हणाले, "आजपासून तुमचं सूप वेगळं."

बाकीच्या पंख पसरू लागल्या. करकोची मात्र फांदीवरून हलली नाही. "आजपासूनचं कळलं, मालक. आणि आजपर्यंतचं?"

डुकरे बांधावर चढली होती. अस्वलाने मागची सुपे मोजून द्यायला शेंगांच्या कोठाराचे दार उघडले, तेव्हाच ती खाली उतरली.

तात्पर्य : ज्याच्यावाचून काम अडते, त्याला त्याच्या कष्टाचा पुरा वाटा मिळालाच पाहिजे; आणि हिशेब कळत नसेल, तर दर वेळी आपणच अडाणी असतो असे नाही, तो हिशेबच खोटा असू शकतो.