इनेजबायचा गोळा

फार फार वर्षांपूर्वी, फिरंग्यांची आमदानी होती तेव्हा, खाडीकाठच्या माडवणीत इनेजबाय नावाची पाववाली राहायची. कालवणाशी खायला साधे पाव आणि सणाला गूळ, नारळाचा रस घातलेले गोड पाव. तिचे पाव इतके हलके, की टोपलीवरचं फडकं काढलं तर वाऱ्यानं उडायचे, असं म्हणतात. आता म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार!

रोजच्या कणकेतला मूठभर गोळा ती उद्यासाठी ठेवायची. त्या आंबट गोळ्यानंच उद्याची कणीक फुगायची. तिच्या पणजीनं तो पहिल्यांदा ताडीच्या फेसावर आंबवून धरला होता. "विस्तव शेजारी मिळेल, गोळा कुठं मिळेल?" असं इनेजबाय सुनांना दटावायची.

मग एका वर्षी वादळ आलं. ताडाची झाडं झोपली, घरोघरच्या चुली वाहून गेल्या. उभी राहिली ती फक्त इनेजबायची भट्टी. तीन दिवसांची उपाशी पोरं दारात रडत होती. तिनं होतं नव्हतं ते पीठ मळलं, भाजलं, वाटलं. सगळे जेवल्यावर तिला आठवलं, की त्यात गोळाही भाजला गेला होता.

पुढं पीठ मिळालं, पण पाव दगडासारखे निघाले. ताडी नाही, गोळा नाही. पणजीचा वसा आपल्या हातानं बुडाला, म्हणून म्हातारी भट्टीपाशी बसून ओक्साबोक्शी रडली. आणि रडता रडता तिला कोंसू आठवली.

कोंसू तिची भाची, खाडीपलीकडच्या सातघरला दिलेली. दोन्ही गावांचं जाळी टाकण्याच्या जागेवरून हाडवैर. लग्नानंतर माडवणीनं पोरीचं नावही टाकलं होतं. पण निघताना आत्यानं तिच्या गाठोड्यात गुपचूप एक गोळा सरकवला होता.

इनेजबायनं होडी सोडली. गावकरी आडवे आले, तशी ती कडाडली, "भांडण तुमचं, कणीक माझी!"

पलीकडे कोंसूनं मडकं पुढं केलं. "आत्या, तुझाच आहे. रोज थोडा मोडते, थोडा ठेवते."

असं म्हणतात, की परतताना उन्हानं तो गोळा फुगू लागला. मडक्याबाहेर आला, होडीभर झाला, आणि त्यात इनेजबायचं नुसतं डोकं दिसू लागलं. होडी बुडणार, तोच दोन्ही काठांची माणसं पाण्यात उतरली आणि खांद्याला खांदा लावून त्यांनी ती ओढली. त्या दिवशी अख्ख्या खाडीकाठानं गोड पाव खाल्ले. तोंड गोड झाल्यावर भांडायचं तरी कसं?

आजही नाताळच्या आधी माडवणीचा गोळा सातघरला जातो आणि सातघरचा माडवणीत येतो. परक्याच्याच गोळ्यावर सणाची कणीक फुगवायची, अशी रीत आहे. मळताना घरातली थोरली बाई विचारते, "इनेजबायचा गोळा ठेवलास का गं?"

आणि सून म्हणते, "ठेवलाय, पलीकडे."