राजानं लाथाडलेला गोग्रास

ऐक गाईमाते, तुझी कहाणी. आटपाट म्हणावं असं एक नगर, तिथं वज्रकेतू राजा. तीन मुलुख जिंकले, तीन नद्यांना बांध घातले, आणि त्याला गर्व चढला. मग त्यानं दवंडी पिटवली, "देवाला नैवेद्य नाही, गाईला घास नाही. राज्यात पहिला घास माझा!" देवळं ओस पडली.

त्याची राणी कुमुद्वती. तिला सोमवारी गोग्रासाचा वसा. आधी गाईला घालावं, मग आपण जेवावं. दवंडी झाली, तरी सोमवारी ती पान वाढून निघाली. राजानं पाहिलं. "माझ्याआधी जनावर?" म्हणाला, अन् पानाला लाथ मारली. भात अंगणभर उडाला. राणी शितं वेचू लागली.

मग राजा सोन्याच्या ताटावर बसला. घास उचलला, तो बोटांतून गळाला. ओरडायला गेला, तो हंबरला! चार पायांवर झाला, अंगणात धावला, गवत ओरबाडून खाऊ लागला. वाढपी पळाले.

प्रधान म्हणाला, "बाईसाहेब, राजे गेले असं समजा. ह्यांना रानात सोडू."

"ते माझे पती आहेत हो! सोडायचं तर मलाही सोडा."

दोघांना रानात सोडलं. तिथं गाई चारणारी एक म्हातारी गवळण भेटली. राणीनं रडत सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "बाई, वसा मोडू नको. तीन सोमवार कर. आधी गाईला, मग पतीला, उरलं तर तुला."

पहिल्या सोमवारी राजानं गाईला ढुशी दिली, घास हिसकावला. राणीनं आपलं पान गाईला दिलं, उपाशी निजली. दुसऱ्या सोमवारी तो नुसता बघत राहिला. तिसऱ्या सोमवारी त्यानं पान दातांत धरलं. राणीला वाटलं, गेला हाही घास! तो रांगत एका लंगड्या गाईपाशी गेला, पान पुढं ठेवलं, अन् माणसाच्या आवाजात म्हणाला, "तू खा, आई."

राणीच्या हातची घागर पडली, फुटली. राजा उभा राहिला. म्हणाला, "कुमुद्वती, मला सगळं कळत होतं गं. आतून तुला हाका मारत होतो. बाहेर नुसतं हंबरणं."

राणी त्याचे पाय धरून रडली. त्यानं तिला उठवलं. मग दोघं नगरात आली, देवळं उघडली, राज्य सुखी झालं.

गाईमाते, राणीला फळलीस तशी वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या साऱ्यांना फळ. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली, ती सुफळ होवो, संपूर्ण होवो.