करवतीच्या वाटेचे वाचक

घाटवाटांवर लिहिणारा एक तरुण एकदा फार अस्वस्थ झाला. त्याचं नाव सुजित नवले. तो संगमनेरला एका पतसंस्थेत नोकरी करी आणि सुट्टीचा दिवस मिळाला की सह्याद्रीत जाई. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या, विस्मरणात गेलेल्या वाटा शोधायच्या, त्या स्वतः उतरायच्या आणि त्यांचं वर्णन आपल्या ब्लॉगवर लिहायचं, हा त्याचा ध्यास होता. हा ध्यास त्याला लावला तो त्याच्या शाळेतल्या भूगोलाच्या शिक्षकांनी, अंबादास बोरस्ते गुरुजींनी. गुरुजी आता निवृत्त झाले होते, पण काठी घेऊन डोंगर चढायचं त्यांनी सोडलं नव्हतं.

ब्लॉगवरचा कोणता लेख किती वेळा उघडला गेला, याचा आकडा लिहिणाऱ्याला दिसत असे. करवतीची वाट नावाच्या अशाच एका घाटवाटेबद्दल सुजितने आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात लिहिलेल्या लेखाचा आकडा वर्षभरात चाळीस हजारांवर गेला. तो उठल्याबरोबर आकडा पाही, जेवताना पाही, कामात असतानाही पाही. वाढला तर मन हलकं होई, थांबला तर दिवस बेचव जाई. एकदा त्याने तो गुरुजींनाही दाखवला. गुरुजींनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि एवढंच विचारलं, की यातले किती जण ती वाट उतरले असतील? खरं सांगायचं तर सुजितला तो प्रश्न आवडला नाही.

पावसाळा सरल्यावर घाटमाथ्यावरच्या वाडीतल्या गणपतचा फोन आला. सुजित तिकडे गेला की याच गणपतच्या घरी उतरत असे. वाडीत फोन लागत नसल्याने तो बाजाराच्या गावाहून बोलत होता. त्याने सांगितलं, की करवतीच्या वाटेचा मधला टप्पा दरड कोसळून गेला. वाट वरून पहिल्यासारखीच दिसते, पण वळण घेतलं की पुढे पायाखाली काही नाही. वाडीतल्या माणसांनी वाटेच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकून ठेवल्या होत्या. भातकापणी सुरू असल्याने याहून जास्त त्यांना करता येत नव्हतं.

सुजितने तत्काळ लेखाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत सूचना लिहिली. तरी चैन पडेना. ज्या आकड्याने इतके दिवस आनंद दिला, तोच आता भिववू लागला. चाळीस हजारांतले शंभरात एक जरी निघाले, तरी चारशे माणसं त्या कड्याकडे चालत जाणार. तो गुरुजींकडे धावला. सूचना टाकली आहे, ज्यांनी लेख वाचला ते सगळे ती वाचतील ना, असं पुन्हा पुन्हा विचारू लागला.

गुरुजींनी त्याला धीर दिला नाही, आणि ते रागेही भरले नाहीत. ते म्हणाले, "शनिवारी पहाटे निघू. दोन दिवसांचे कपडे घे. वाटेच्या तोंडाशी जाऊन बसायचं आहे."

सुजितला हे विचित्र वाटलं. हजारो लोकांना एका क्षणात सांगण्याचं साधन हाती असताना एका झाडाखाली जाऊन बसण्यात काय अर्थ? पण गुरुजींचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. तो गेला.

शनिवारी दिवसभर ते दोघे काटेरी फांद्यांपाशी बसून राहिले. सुजित सारखा खिशातला फोन काढी, संपर्क नाही हे पाहून परत ठेवी, उठून वाडीकडून येणारी पायवाट न्याहाळी आणि पुन्हा येऊन बसे. गुरुजी शांतपणे गवतातले पक्षी पाहत होते. संध्याकाळपर्यंत कुणीही आलं नाही. गणपतच्या घरी परतताना सुजितला मोठी सुटका वाटली. मात्र त्या सुटकेखाली आणखी काही सलत होतं, आणि ते ओळखून त्याला स्वतःचीच शरम वाटली. आपला लेख वाचून एकही माणूस आला नाही, याचं त्याला वाईट वाटत होतं.

रविवारी सकाळी उन्हं कोवळी असतानाच पाच-सहा जण आले. पाठीवर पिशव्या, हातात काठ्या. पुढे पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांनी आपलं नाव शुभदा गांगल सांगितलं. कल्याणच्या एका कचेरीतली ही मंडळी रात्री निघून जीपने वाडीपर्यंत आली होती. गुरुजींनी त्यांना थांबवून फांद्यांकडे बोट दाखवलं आणि वाट बंद असल्याचं सांगितलं.

बाई हसून म्हणाल्या, "काका, ते आम्हाला माहीत आहे. गुरं खाली जाऊ नयेत म्हणून वाडीतली माणसं फांद्या टाकतात. बाजूला सारून खुशाल पुढे जायचं. तसं लिहिलंच आहे."

ते वाक्य सुजितचंच होतं.

त्याने विचारलं, की हे तुम्ही कुठे वाचलंत? बाईंनी फोन पुढे केला. मैत्रिणीने पाठवलेला मजकूर होता, तिला तिच्या दिराने पाठवलेला, त्याला आणखी कुणी. सुजितचा सगळा लेख त्यात उतरवलेला होता. नाव कुठेही नव्हतं, ब्लॉगचा उल्लेख नव्हता आणि परवा लिहिलेली सूचनाही नव्हती. बाईंनी तो ब्लॉग आयुष्यात कधी उघडला नव्हता.

सुजित म्हणाला, "हे मी लिहिलंय. आणि आता ते खरं राहिलेलं नाही."

बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. त्यांचा विश्वास बसला नाही. त्या म्हणाल्या, "मग जांभळीच्या झाडानंतर काय येतं ते सांगा."

"डाव्या हाताला पाण्याचं टाकं," सुजित म्हणाला.

"आणि टाक्याशी क्षणभर बसावं," बाईंनी वाक्य पुरं केलं, "कारण तिथून पहिल्यांदा समुद्राकडचा वारा लागतो." त्या खाली दगडावर बसल्या. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. अंथरुणावर असताना हा मजकूर त्यांच्या हाती आला. ही वाट उतरायची असं ठरवून त्यांनी पुन्हा पाऊल टाकायला सुरुवात केली होती. लेख त्यांना जवळजवळ पाठ होता.

गुरुजींनी सगळ्यांना शेजारच्या टेकाडावर नेलं. तिथून कडा समोर दिसत होता. काळ्या कातळात मधोमध ताज्या मातीची फिकट जखम होती, आणि वाट तिच्या काठाशी येऊन संपत होती. बाई बराच वेळ पाहत राहिल्या, मग हात जोडून वाडीकडे वळल्या. जाताना त्यांनी सुजितकडून सूचनेचा मजकूर मागून घेतला. लेख ज्या मैत्रिणीकडून आला, तिच्याकडेच ही सूचना पाठवते, ती पुढे तिच्या दिराला पाठवील, असं त्या म्हणाल्या.

सुजित त्या पाठमोऱ्या मंडळींकडे पाहत म्हणाला, "गुरुजी, या बाई माझ्या आकड्यात नाहीतच."

गुरुजी म्हणाले, "नाहीत. आणि आकड्यातले बहुतेक जण इथे कधी येणार नाहीत. कुणी छायाचित्र पाहून गेलं असेल, कुणी भलतंच शोधताना चुकून आलं असेल. उंबरा ओलांडला की आकडा वाढतो. आत कोण बसलं आणि कोण आल्या पावली परत गेलं, हे त्याला दिसत नाही. बाहेर जाऊन कुणी कुणाला काय सांगितलं, हे तर त्याच्या गावीही नसतं. त्यामुळे तुझे वाचक त्या आकड्याहून फार थोडे आहेत, आणि त्याच वेळी त्याच्या पलीकडेही आहेत. नेमके किती, हे तुला कधी कळणार नाही. म्हणून लिहिताना एकच माणूस डोळ्यांपुढे धर, जो तुझ्या शब्दावर विसंबून पाऊल टाकणार आहे."

मग ते म्हणाले, "आज कुणी आलं नसतं, तर पुढच्या रविवारी पुन्हा येऊन बसलो असतो."

त्या आठवड्यात सुजितने पत्र्याची एक पाटी रंगवून घेतली आणि गणपतच्या मदतीने वाटेच्या तोंडाशी पक्की रोवली. करवतीची वाट दरडीत तुटली आहे, वळणापुढे कडा आहे, कृपया परत फिरा, एवढंच तिच्यावर होतं. पुढचे काही रविवार तो तिथे जात राहिला. गुरुजी कधी बरोबर असत, कधी नसत.

अशाच एका रविवारी तो लांब झाडाखाली बसलेला असताना एक जोडपं आलं. दोघं पाटीपाशी थांबली. पुरुषाने मजकूर मोठ्याने वाचला. बाईने पुन्हा एकदा, बोट फिरवत, शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. मग तिने त्याचा हात धरला आणि दोघं आली तशी परत फिरली. कुणी लिहिलं, हे त्यांनी विचारलं नाही. सुजित त्यांच्याकडे दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला. आपलं लिखाण इतक्या मनापासून कुणी वाचताना त्याने आजवर पाहिलं नव्हतं.