केंद्रकाच्या कपाटातल्या पोथ्या

माणसाने अजून सूक्ष्मदर्शक घडवला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. एका बेडकाच्या मांडीतल्या पेशीत केंद्रक नावाचा म्हातारा राहायचा. पेशीत काय, कधी बनवायचं ते त्याच्या पोथ्यांत लिहिलेलं असे, आणि तो त्यातून हुकूम सोडायचा. त्याच पेशीत तंतुकणिका चूल पेटती ठेवायची. त्या चुलीच्या जोरावरच बेडूक उडी मारायचा.

एका थंड सकाळी चूल जरा मंदावली. केंद्रक भडकला. "शेवटी तुम्ही उपरेच. बाहेरून घुसलेले. चालती हो इथून."

"घुसलो नव्हतो," तंतुकणिका धगधगत म्हणाली. "तुमच्या पूर्वजांनी आम्हाला गिळलं होतं. पचवता आलं नाही, म्हणून ठेवून घेतलं. जाते मी. पण चुलीपाशी जळतील म्हणून आमच्या आज्या-पणज्यांनी तुमच्याकडे ठेवलेल्या पोथ्या आधी परत द्या."

"माझ्या कपाटात तुझं काही नाही," म्हणत केंद्रकाने तावातावाने पहिली पोथी उघडली. अक्षर तिच्या पणजीचं होतं. दुसरीतही तेच. ज्या पोथ्यांतून तो रोज हुकूम सोडायचा, त्यांतल्या कितीतरी तिच्याच घरच्या निघाल्या.

पोथी मिटत तो पुटपुटला, "राहिलीस तरी चालेल."

तंतुकणिकेने सरपण पुढे सारलं. बेडकासाठी तिने चूल फुलवली. पण तेव्हापासून केंद्रकाचा हुकूम आला की ती आधी विचारते, "हा कुणाच्या पोथीतला?"