शिळे पाणी

पूर्वी अश्मक देशात एक वृद्ध राजा राज्य करीत असताना, टेकडीवरच्या एका नगरात बोधिसत्त्व नगरप्रमुख सोमिलाचा धाकटा मुलगा सुनेत्र होऊन जन्मला. तक्षशिलेत विद्या पूर्ण करून तो घरी परतला, तेव्हा नगराचे दोन पावसाळे कोरडे गेले होते.

घरचे पाणी थोरल्या भावाची, भद्रकाची, बायको सुलसा भरी. नगराची रीत अशी की, रात्रीचे पाणी सकाळी शिळे होते. आधी ओतायचे, मग भरायचे. सुलसा रोज माठ अंगणात पालथा करी आणि मगच विहिरीवर जाई. चुलीतली लाकडेही भांडे उतरल्यावर तशीच जळत राहत. विझलेली चूल म्हणजे दरिद्री घर, असे सोमिल म्हणे.

सुनेत्र जळती लाकडे ओढून राखेत विझवी. सुलसा हसे.

"भावोजी, एवढ्या लांब जाऊन चूल विझवायलाच शिकलात होय?"

"ते सोपं होतं, वहिनी. पाणी शिळं होत नाही, हे कळायला वेळ लागला."

"मग मामंजींना सांगा की! मला कशाला?"

त्याने सांगितले. सोमिल म्हणाला, "कालचं पाणी प्यायला मी भिकारी आहे का?" विषय तिथेच संपला.

पुढे एक दिवस विहिरीवर सुलसेचा दोर अपुरा पडला. तुकडा जोडून तिने घागर सोडली, ती अर्धीच वर आली, तळाशी गाळ घेऊन. हे ती कोणाला बोलली नाही. त्याच सुमारास सोमिल तापाने अंथरुणाला खिळला होता.

दुसऱ्या सकाळी ती माठापाशी उभी राहिली. माठ निम्मा भरलेला होता.

"वहिनी, आज राहू द्या," सुनेत्र म्हणाला.

तिचा हात थबकला. पण कुंपणापलीकडून शेजारीण पाहत होती. आजारी सासऱ्याला शिळे पाणी पाजणारी सून, असा बोभाटा दुपारपर्यंत नगरभर झाला असता. तिने माठ कलता केला. मातीने ते पाणी क्षणात पिऊन टाकले.

विहिरीवर बायका गोळा झाल्या होत्या. दोर खाली जाई आणि घागर नुसता चिखल घेऊन वर येई.

सुलसा घरी परतली, तेव्हा सोमिल ओठ चाटत होता.

"सूनबाई, पाणी."

"आणते हं, मामंजी," ती म्हणाली आणि कोरड्या माठाशी जाऊन उभी राहिली.

भद्रक शेजारी धावला. पण प्रत्येक घराने सकाळीच आपला माठ पालथा केला होता. सुनेत्र विहिरीत उतरला. झऱ्याच्या तोंडचा गाळ हातांनी उपसून त्याने वाटीभर गढूळ पाणी आणले. सुलसेने ते पदरातून गाळले. ओठांशी नेईपर्यंत सोमिलाचा श्वास थांबला होता.

भोके पाडलेले मडके खांद्यावर घेऊन भद्रक चितेभोवती फिरला. मडक्यातून पाण्याची धार गळावी, अशी रीत. दूर उभ्या असलेल्या सुलसेने पाहिले, एक थेंबही गळला नाही.

नगरातले जाणते पुढे आले. त्यांतला सर्वांत म्हातारा म्हणाला, "सुनेत्रा, तू खरा ठरलास. वडिलांची गादी तुझी. मात्र या अवदसेला माहेरी धाडा. सासऱ्याच्या तोंडचं पाणी ओतलं हिनं."

भद्रक मान खाली घालून उभा राहिला. सुलसेला वाटले, धाडावेच.

"काका," सुनेत्राने विचारले, "आज तुमच्या घरचा माठ कोणी ओतला?"

म्हातारा एक पाऊल मागे सरला.

"हात हिचा होता. शिळं म्हणणारी तोंडं तर आपल्या सगळ्यांची. हिला धाडायचं, तर सारं नगर धाडावं लागेल. असली गादी मला नको." मग तो वळला. "चला, वहिनी. झऱ्याला थोडं पाणी साचलं असेल. कुंभाराची बाळंतीण तहानलेली आहे."

सुलसा डोळे पुसत त्याच्यामागून विहिरीकडे गेली. त्या उन्हाळ्यात कितीतरी घरे ओस पडली. जी उरली, त्यांत माठ पुन्हा कोणी पालथा केला नाही.

पूर्वजन्मीची ही कथा सांगून भिक्षूंचा गुरू, शास्ता, म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा सोमिल म्हणजे आज पाय धुताना घागर रिती करणारा हा वृद्ध भिक्षू. भद्रक म्हणजे ते पाहून गप्प बसलेला त्याचा सोबती. सुलसा म्हणजे विहाराचे पाणी गाळणारी ती भिक्षुणी, जिला तुम्ही त्या रित्या घागरीबद्दल बोल लावलात. आणि सुनेत्र मीच होतो. पाणी राखावेच, पण ज्याच्या हातून ते सांडले, त्याला एकटे टाकू नये. या गुणाला मैत्री म्हणतात."