कुंभारीण माशीची चोरवाट

फार जुनी गोष्ट, बरं का. कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं आणि रानाकडे हक्क मागितला, की असं घर दुसऱ्या कुणी बांधायचं नाही. घुबडाने तिला एक जुनं, ओसाड घर दाखवलं. "हे आधीच झालंय, बाई," म्हणत अर्ज फेटाळला.

ती कासवाकडे दाद मागायला गेली. सगळं रान ऐकायला जमलं.

"कासवआजोबा, त्या घराला चोरवाट नाही. माझ्याला आहे. पाल आली तर पिल्लं मागून निसटतील. बघा, इथे ढकललं की माती सरकते."

"फरक पटला. हक्क तुझा."

तिने हसत विचारलं, "ते जुनं घर बांधणारी कुठे असते?"

"तिनेही आपला फरक असाच सगळ्यांदेखत पटवला होता," घुबड हळूच म्हणालं.

कुंभारणीने गर्दीकडे पाहिलं. पाल केव्हाच निघून गेली होती.