कुंकू लावलेलं कार्ड

"रजा? आठ दिवस? मग मी जेवू काय, विमानतळाच्या खुर्च्या?"

केसरीमल शेटजी इतक्या मोठ्याने ओरडले, की नागपूरच्या विमानतळावर रांगेतले चार जण मागे वळले.

पर्वताबाई शांतपणे उभी होती. हिंगणघाटच्या या कापूसवाल्या शेटजींकडे ती वीस वर्षं स्वयंपाक करत होती. शेटजींना दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नसे, म्हणून दिल्लीच्या दोन दिवसांच्या लग्नालाही ते तिला बरोबर नेत होते. आणि पुढच्या सोमवारी तिच्या पहिल्या नातीचं बारसं होतं. "येते" म्हणून तिने लेकीला शब्द दिला होता.

"बारशाला दोन तास पुरतात!" शेटजी म्हणाले.

"बाळाला पुरतात जी. बाळंतिणीला नाही पुरत."

"विषय संपला! चल, आता लाउंज बघ. मऊ खुर्च्या, गरम इडल्या, हवं तितकं खा, आणि सगळं फुकट! या कार्डावर!"

शेटजींनी कोटाच्या खिशातून लाल फडकं काढलं. त्यातून काळं चकचकीत क्रेडिट कार्ड निघालं. तीन वर्षांपूर्वी बँकेतून आल्यापासून ते देव्हाऱ्यात होतं. दर लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकू लागे. वापरलं मात्र एकदाही नव्हतं. ओरखडा पडला तर? बाजारहाटासाठी शेटजींनी बँकेकडून तसंच दुसरं कार्ड पर्वताबाईच्या नावाने काढून घेतलं होतं. किराणा, भाजी, तेलाचे डबे, सगळं त्यावर. त्याचे कोपरे झिजले होते आणि त्याला कायम हिंगाचा वास यायचा.

लाउंजात पोटभर खायचं म्हणून शेटजी आदल्या दुपारपासून उपाशी होते. डबासुद्धा त्यांनी घेऊ दिला नव्हता.

लाउंजच्या दाराशी काउंटरवरच्या मुलीने कार्डावरचं कुंकू पुसलं, ते यंत्रात घातलं आणि मान हलवली. "सर, तुमचं कार्ड चालत नाही."

"चालत नाही? अहो, पूजा होते त्याची!"

"पूजा नाही सर, खरेदी लागते. गेल्या तीन महिन्यांत ज्या कार्डावर खरेदी झाली असेल, त्यालाच लाउंज मिळतं. नाहीतर पैसे भरून जाता येईल."

"पैसे? फुकटाच्या इडलीला पैसे? दमडी देणार नाही!"

तेवढ्यात घोषणा झाली. धुक्यामुळे दिल्लीचं विमान तीन तास उशिरा! आत कुणीतरी जात होतं, म्हणून लाउंजचं दार उघडलं आणि सांबाराचा वास बाहेर आला. शेटजींच्या पोटातून असा आवाज आला, की ती मुलगी दचकली.

"सगळ्या हिंगणघाटाला सांगून आलोय, लाउंजात नाश्ता करणार म्हणून! आता काय तोंड दाखवू?"

शेटजींचा आरडाओरडा चालला होता, तोवर पर्वताबाईने काउंटरवरची पाटी दोनदा वाचून काढली होती.

"मी नेऊ का जी तुम्हाला आत?"

"तू?" शेटजी हसले. "ने की! पण ऐक. पैसा द्यायचा नाही. माझं हे कार्ड पुन्हा पुढे करायचं नाही. कुणाच्या विनवण्या नाहीत, थापा नाहीत. जमलं तर आठ दिवस रजा. नाही जमलं तर बारसं फोनवर बघ!"

"चार लोकांत बोललात जी."

"केसरीमल बोलला की बोलला!"

पर्वताबाईने कमरेचा बटवा सोडला आणि हिंगाच्या वासाचं कार्ड काउंटरवर ठेवलं. "पोरी, यावर खरेदी झाली असेल बघ."

यंत्र लगेच वाजलं. मुलगी उठूनच उभी राहिली. "या ना, पर्वता भोयर मॅडम! तुमच्यासोबत एक पाहुणाही येऊ शकतो."

"वाचलं मी पाटीवर. हे माझे पाहुणे."

शेटजी लालबुंद झाले. "पाहुणा? मी? तुझा?"

"वीस वर्षं माझ्या हातचं जेवताय जी. आणखी कसा असतो पाहुणा?"

"अगं, पण त्या कार्डाचे पैसे मी भरतो!"

"म्हणून तर पाहुण्यांत तुम्हालाच निवडलं!"

मुलीने तोंडावर हात धरला. शेटजींनी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि सांबाराच्या मागोमाग निमूट आत गेले.

आत मऊ खुर्चीत बसताच त्यांनी सवयीने फर्मावलं, "पर्वता, चहा आण. आणि चार इडल्या."

पर्वताबाई शेजारच्या खुर्चीत आरामात रेलली. "लाजू नका जी, आपलंच समजा. हवं ते उठून घ्या!"

जन्मात पहिल्यांदा शेटजी हातात ताटली घेऊन उभे राहिले. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला दोन केळी कोटाच्या खिशात निघाली, तशी पर्वताबाई हळूच म्हणाली, "बाहेर काही न्यायचं नाही जी. पाटीवर लिहिलंय. माझं नाव खराब होईल."

केळी परत गेली. पण पोट भरलं आणि शेटजींचा हट्ट परत आला.

"रजा दिली म्हणजे दिली. पण आधी सांग, आठ दिवस मी जेवू काय? तुझ्याशिवाय कुणाच्या हातचं मला चालत नाही. उत्तर दे, मगच जा!"

"या अकरा इडल्या माझ्या हातच्या होत्या का जी?"

शेटजींचा चमचा हवेतच थांबला.

"आठ दिवस रोज नव्या हॉटेलात जेवा," पर्वताबाई म्हणाली, "आणि दर वेळी ते देव्हाऱ्यातलं कार्ड पुढे करा. कार्डावर खरेदी होईल, आणि पुढच्या खेपेला हे दार तुमच्या नावाने उघडेल. तेव्हा मी तुमची पाहुणी! चहा तुम्ही विचारायचा!"

शेटजी असे हसले, की काउंटरवरची मुलगी धावत आली.

"पंधरा दिवस जा! आणि रिकाम्या हाताने जायचं नाही!"

ते तडक लाउंजबाहेर पडून समोरच्या दुकानात शिरले. बाळासाठी सगळ्यांत मऊ दुलई निवडली, लाल फडकं सोडलं आणि कुंकवाचं कार्ड दुकानदाराच्या हातात ठेवलं.

"घ्या! पडू द्या पहिला ओरखडा!"